ल्युपसच्या मागचं जनुक शोधताना

सीएच५० नावाच्या तपासणीचा आकडा दुसऱ्यांदाही जवळजवळ शून्य आला, तेव्हा पुण्यातल्या बालसंधिवाततज्ज्ञ मॅडमनी पहिल्यांदा जनुकीय तपासणीचा विषय काढला. तोवर आमच्या चार वर्षांच्या मुलाच्या फायलीवर ‘एसएलई’ एवढंच लिहिलेलं होतं. सिस्टेमिक ल्युपस. रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते, असा आजार.

दुसऱ्यांदा तपासावं का लागलं, ते आधी सांगतो. मी वाळवा तालुक्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात लॅब केमिस्ट आहे. रसाचा ब्रिक्स, पोल, प्युरिटी काढायची, म्हणजे रसात साखर किती आणि ती किती शुद्ध याचे आकडे काढायचे, हेच माझं रोजचं काम. त्यामुळे आकडा दिसला की पहिला प्रश्न पडतो: नमुना कधी घेतला, किती वेळ पडून होता? मुलाचं पहिलं रक्त तालुक्याच्या गावी घेतलं होतं आणि ते भर एप्रिलात पुण्याला गेलं होतं. सीएच५० ही तपासणी रक्तातल्या ‘कॉम्प्लिमेंट’ नावाच्या प्रथिनांचं काम मोजते आणि ही प्रथिनं उष्णतेनं लवकर निकामी होतात. नमुना उन्हातान्हात राहिला तर आकडा खोटा खाली येतो. मॅडमनी तोच संशय घेतला, म्हणून मला त्यांच्याबद्दल लगेच विश्वास वाटला. दुसऱ्या वेळी रक्त लॅबमध्येच घेतलं, सीरम तिथल्या तिथे वेगळं करून गोठवलं. आकडा तोच आला.

त्याच्या आधीची कथा बहुतेक ल्युपसवाल्या घरांत सारखीच असते, ती लांबवत नाही. गालांवर, नाकावर, कानांच्या पाळ्यांवर लाल चट्टे, रानात नेलं की वाढणारे. उन्हाची अ‍ॅलर्जी म्हणून मलमं झाली, कुणी नायटा म्हटलं, आईनं दृष्ट काढली. तोंड सारखं यायचं, त्यावर सब्जाचं पाणी. न्यूमोनियासाठी अ‍ॅडमिट केलं, वर्षाच्या आत परत तेच. शेवटी मिरजेतल्या एका बालरोगतज्ज्ञांनी चट्टे आणि तोंडातले फोड एकत्र धरून एएनए ही रक्ततपासणी (स्वतःच्याच पेशींविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी) करायला सांगितली, ती चांगलीच पॉझिटिव्ह निघाली आणि आम्हाला पुण्याला पाठवलं.

पुण्यात रिपोर्ट एकमेकांशी जुळेनात. ल्युपस भडकलेला असतो तेव्हा सी३ आणि सी४ ही दोन प्रथिनं सहसा खाली येतात, कारण ती वापरली जातात. आमच्या मुलाची दोन्ही नॉर्मल. ल्युपसची ओळख मानलं जाणारं डीएस-डीएनए प्रतिपिंड निगेटिव्ह. आणि तरीही सीएच५० शून्य. मॅडम समजावून सांगत होत्या की ही सगळी साखळी आहे, एकानं दुसऱ्याला चालना द्यायची, आणि सीएच५० त्या अख्ख्या साखळीची परीक्षा घेते. मी म्हटलं, म्हणजे गव्हाणच बंद आहे. यार्डात ऊस भरपूर दिसतोय, कारण मोळी आत पडतच नाही. गव्हाण म्हणजे गाळपासाठी ऊस आत टाकतात ती जागा, हे त्यांना सांगावं लागलं, पण मग त्या म्हणाल्या, अगदी तेच. या साखळीच्या तोंडाशी सी१क्यू नावाचं प्रथिन असतं. ते नसेल तर पुढचं सी४, सी३ तसंच पडून राहतं.

मग त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. तेव्हा मला ते सुटे सुटे वाटले. थंडीत याची बोटं, कानाची टोकं जांभळी पडून दुखतात का? नाही. उंची वयाच्या मानानं कमी आहे का, चालताना अडखळतो का? नाही. अंगावर पित्तासारख्या गांधी उठून दिवसदिवस राहतात का? नाही. मानेत, काखेत गाठी? नाही. बोलायला, चालायला उशीर? नाही. मोठे जंतुसंसर्ग? ते मात्र होते. शिवाय मणक्याचे आणि गुडघ्यांचे एक्स-रे काढले. बायको मला हळूच म्हणाली, चट्टे गालावर आणि फोटो गुडघ्याचा?

नंतर कळलं, प्रत्येक प्रश्नामागे एकेक जनुक उभं होतं. थंडीत बोटं सुजणं हे ट्रेक्स१ आणि त्याच्या भाऊबंदांचं लक्षण. हाडांच्या टोकांना बिघाड आणि खुजेपणा असेल तर एसीपी५. न जाणाऱ्या गांधी आणि लवकर सुरू झालेला मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डीएनेज१एल३. गाठी आणि प्लीहा वाढलेली असेल तर पीआरकेसीडी. यांपैकी काही जनुकं पेशीतला टाकाऊ डीएनए-आरएनए मोडीत काढण्याचं काम करतात. ते काम बंद पडलं की शरीराला वाटतं विषाणू घुसलाय, आणि इंटरफेरॉनचा, म्हणजे विषाणूविरुद्धच्या इशाऱ्याचा, भोंगा वाजतच राहतो. सी१क्यूचं कामही त्याच जातीचं आहे. रोज शरीरात असंख्य पेशी मरतात. मेलेल्या पेशींना चिकटून ‘हे उचला’ अशी खूण करायची, हे त्याच्याकडे. खूण झाली नाही तर मेलेल्या पेशींच्या केंद्रकातला माल उघड्यावर पडून राहतो आणि प्रतिकारशक्ती त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करत बसते. एएनए म्हणजे नेमकी तीच.

ल्युपसच्या सगळ्या रुग्णांत साधारण १० ते २० टक्के जणांना तो अठराच्या आत सुरू होतो, आणि त्यातही बहुतेक वेळा वयात येण्याच्या सुमारास. पाच वर्षांच्या आत विरळाच. मोठ्यांमध्ये दहा रुग्णांत नऊ बायका असतात. आमचा रुग्ण चार वर्षांचा, त्यातून मुलगा. मॅडमनी विचारलं, तुमचं लग्न नात्यातलं का? हो. ही माझ्या सख्ख्या मामाची मुलगी. लहान वय, मुलगा, नात्यातलं लग्न: तीन गोष्टी एकत्र आल्या की एकाच जनुकाची चूक शोधायची, असं त्यांचं म्हणणं.

त्याच ओपीडीत साताऱ्याकडचं एक कुटुंब भेटायचं, त्यांची चौदा वर्षांची मुलगी ल्युपसचीच. आमच्या तपासणीचं ऐकून तिची आई म्हणाली, आमचीपण करून टाकू का, होऊ दे खर्च. मॅडमनी त्यांना नको म्हणून सांगितलं, आणि का ते मला फार महत्त्वाचं वाटतं. वयात येताना मुलीला होणाऱ्या ल्युपसमध्ये सहसा एक जनुक सापडत नाही. तिथे शंभराहून जास्त ठिकाणचे बारीकसारीक फरक प्रत्येकी थोडा थोडा धोका वाढवतात. एचएलए, आयआरएफ५, स्टॅट४ ही त्यातली ठळक जनुकं. असले फरक तुमच्या-माझ्यातही असतात आणि आपल्याला काही होत नाही. एकाच बीजाच्या जुळ्या बहिणींत एकीला ल्युपस झाला तरी दुसरीला बहुतेक वेळा होत नाही, यावरून काय ते समजा. मॅडम म्हणाल्या, ‘रिपोर्टमध्ये पन्नास गोष्टी येतील आणि औषध तेच राहील. त्यापेक्षा तिची लघवी वेळच्या वेळी तपासा, मूत्रपिंडाला त्रास सुरू झाला तर तिथे कळतो.’ हल्ली ‘जेनेटिक टेस्ट’ म्हटलं की सगळ्यांनाच ती हवी असते, लॅबवालेही उत्साहात असतात. कुणाला करायची नाही हे सांगणारा डॉक्टर मला जास्त भरवशाचा वाटतो.

अर्थात नवं सापडत राहतं. २०२२ मध्ये एका स्पॅनिश मुलीत टीएलआर७ या जनुकातला एकच बदल ल्युपस घडवताना सापडला. तिचं निदान सातव्या वर्षी झालं होतं. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि बायकांकडे एक्स दोन. बायकांनाच हा आजार एवढा का होतो, त्याचा एक धागा तिथे असावा असं मानतात.

तपासणीच्या आधी जनुकीय समुपदेशक बाईंकडे जावं लागलं. मला वाटलं होतं सह्या घेतील आणि सोडतील. त्यांनी आमचा अर्धा दिवस घेतला आणि एका आडव्या कागदावर वंशावळ काढली. पुरुष चौकोन, बाई गोल, आजारी तो काळा भरलेला, ज्याच्यापासून शोध सुरू झाला त्याच्याकडे बाण. नवरा-बायकोला जोडणारी रेघ एकेरी असते. आमच्या दोघांमध्ये त्यांनी दुहेरी काढली. वर जाता जाता माझी आई आणि हिचे वडील एकाच जोडीच्या खाली आले, बहीण-भाऊ. कागदावर तो आकार बंद झालेला दिसला. सोयरीक जुळवताना ‘घरातलीच पोरगी’ म्हणून सगळे खूश होते, तो हाच आकार.

कुणाला असा आजार होता का, या प्रश्नासाठी आईला तिथूनच फोन लावला.

‘आरं न्हाई बाबा, आमच्यात कुणालाच न्हाई असला रोग. तुझ्या आज्याला दमा व्हता तेवढा. मग ह्यो पिढीजात कसा म्हणत्यात?’

समुपदेशक बाईंनी फोन स्पीकरवर घेऊन तिला सांगितलं ते असं: प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. एक बिघडलेली असली तरी दुसरी काम भागवते, माणूस ठणठणीत असतो. अशा एक-दोन बिघडलेल्या प्रती जगात सगळ्यांकडेच असतात, फक्त वेगवेगळ्या जनुकांच्या. दोन परक्या माणसांची नेमकी तीच प्रत बिघडलेली असण्याची शक्यता फार थोडी. पण सख्ख्या मामे-आतेभावंडांत आठवा हिस्सा जनुकं एकाच आजी-आजोबांकडून आलेली असतात. त्यांच्या मुलात सरासरी सोळाव्या हिश्श्याएवढ्या जागी दोन्ही प्रती एकच असतात. म्हणून मागे कुणालाच नसलेला आजार एकदम उगवतो.

आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘म्हंजी माझ्यामुळंच की. भावाची पोरगी मीच हट्टानं आणली.’

बाई म्हणाल्या, ‘मावशी, कुठल्याही जोडप्याच्या मुलात गंभीर जन्मजात दोष असण्याची शक्यता शंभरात दोन-तीन असते. सख्ख्या मामे-आतेभावंडांत ती साधारण दुप्पट होते. म्हणजे शंभरातल्या चौऱ्याण्णव-पंचाण्णव घरांत काहीच होत नाही.’ आईचं त्यानं किती समाधान झालं, सांगता येत नाही. मला मात्र हे दोन्ही आकडे एकत्र सांगितलेले आवडले. दुप्पट हेही खरं आणि चौऱ्याण्णव हेही खरं. आमच्याकडे एक बाजू फक्त दुप्पट ऐकते आणि दुसरी फक्त चौऱ्याण्णव.

रक्त तिघांचं घेतलं, जांभळ्या टोपणाच्या नळ्यांत. तपासणीचं नाव एक्झोम. आपल्या एकूण डीएनएपैकी प्रथिनं बनवणारा भाग एक-दोन टक्केच, सुमारे २० हजार जनुकांचा, तेवढा वाचतात. आईवडिलांचं रक्त सोबत असलं की मुलातला बदल कुठून आला ते लगेच कळतं. संमतीपत्रात एक प्रश्न होता, ल्युपसशी संबंध नसलेलं काही सापडलं, उदाहरणार्थ कर्करोगाचा धोका वाढवणारं जनुक, तर कळवायचं का? ही म्हणाली कळवा, मी म्हटलं नको. फॉर्मवर दोघांची उत्तरं वेगळी गेली, आणि तसं चालतं. विम्याच्या कंपनीनं ही तपासणी ‘उपचार नाही’ म्हणून नाकारली. त्यावर आमचा पत्रव्यवहार झाला, पदरी काही पडलं नाही.

रिपोर्ट यायला दीड-दोन महिने गेले. माझ्यासारख्या माणसालाही तो पहिल्या वाचनात कळला नाही. सापडलेल्या बदलांना पाच पायऱ्या असतात: रोगकारक, बहुधा रोगकारक, अर्थ अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी. आमच्या रिपोर्टात वरच्या रकान्यात सी१क्यूए जनुकाचा (सी१क्यू प्रथिनाचा एक भाग बनवणाऱ्या) एक बदल होता, दोन्ही प्रतींत सारखाच, एक माझ्याकडून, एक हिच्याकडून. एका अक्षराची अदलाबदल, पण त्यामुळे प्रथिनाची साखळी अर्ध्यातच तुटते. खाली ‘अर्थ अनिश्चित’मध्ये दुसऱ्या एका जनुकाचं नाव होतं. मी रात्री मोबाइलवर त्याच जनुकामागे लागलो. मॅडमनी दुसऱ्या दिवशी त्यावर पेनानं काट मारली. म्हणाल्या, अनिश्चित म्हणजे आज त्यावरून काहीही ठरवायचं नाही. वरचा बदल मात्र त्यांनी तसाच मान्य केला नाही. दुसऱ्या पद्धतीनं तो पुन्हा वाचून घेतला आणि मुलाच्या रक्तातलं सी१क्यू प्रत्यक्ष मोजलं. नव्हतंच. मग त्यांनी फायलीवर निदान बदललं.

सी१क्यू अजिबात नसलेल्यांत दहातल्या नऊ जणांना ल्युपस किंवा त्यासारखा आजार होतो. सी४ पूर्ण नसेल तर सुमारे पाऊणशे टक्के, सी२ नसेल तर १० ते २० टक्के. साखळीत जेवढं तोंडाशी, तेवढा धोका जास्त. आणि सी१क्यूच्या बाबतीत मुलगे-मुली सारख्याच, नवाला एक असं काही नाही.

आता यानं फरक काय पडला? हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि स्टेरॉइड चालू होतं तसं राहिलं, डोळ्यांची तपासणी, सनस्क्रीन, पूर्ण बाह्यांचे शर्ट तसेच. स्टेरॉइड मात्र कमी करण्याची घाई झाली, कारण या मुलांचा जीव ल्युपसइतकाच जंतुसंसर्गानंही धोक्यात येतो. न्यूमोकोकस आणि मेनिंगोकोकसच्या लसी दिल्या. ताप आला की वाट बघायची नाही, थेट दवाखाना. तसं पत्र मॅडमनी लिहून दिलंय, ते लॅमिनेट करून एक प्रत बालवाडीत आणि एक गाडीच्या डिक्कीत आहे. रात्री अपरात्री ड्युटीवरच्या डॉक्टरला ‘सी१क्यू’ समजावण्यापेक्षा कागद पुढे करणं सोपं.

आणि प्लाझ्मा सुरू झाला. जे प्रथिन याच्याकडे नाही ते दुसऱ्याच्या रक्तद्रवात असतं, ते द्यायचं. रक्तपेढीत पिशवी बर्फासारखी टणक असते. ती कोमट पाण्याच्या बाथमध्ये पातळ करतात, त्याला अर्धा तास लागतो, आणि तेवढ्यात याला सलाइनची सुई लावून घ्यायची असते. पिवळसर, किंचित गढूळ द्रव. पहिल्या पिशवीला अंगभर पित्त उठलं, आता आधी औषध देतात. शरीराला परकं वाटून या सी१क्यूविरुद्धच प्रतिपिंडं तयार होण्याची भीती असते, त्यावर लक्ष ठेवावं लागतं. दिलेलं सी१क्यू थोडे दिवसच टिकतं, म्हणून काही आठवड्यांनी परत. पण गालावरचे चट्टे विझले, तोंडातले फोड गेले. तोंड बरं झालं आणि कार्टं भाकरी-ठेचा मागायला लागलं. ठेचा अर्थातच मिळाला नाही.

कायमचा उपाय एकच, बोन मॅरो ट्रान्सप्लांट. कॉम्प्लिमेंटची बहुतेक प्रथिनं यकृतात बनतात, पण सी१क्यू बनवतात त्या पेशी अस्थिमज्जेतून येतात. म्हणून मज्जा बदलली की सी१क्यू येऊ लागतं. असं करून आजार बरा झाल्याचं २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं आणि त्यानंतर इतर ठिकाणीही झालं. जोखीम मोठी आहे. दाता जुळला तर कमी.

त्यासाठी धाकट्या मुलीचं रक्त घेतलं, ती तेव्हा दीड वर्षाची. तिला हाच आजार असण्याची शक्यता चारात एक होती, तो विचार आम्ही घरात मोठ्यानं कधी बोललो नाही. ती वाहक निघाली, म्हणजे एक प्रत चांगली, एक बिघडलेली, आमच्या दोघांसारखीच. वाहक असली तरी दाता होता येतं. एचएलए, म्हणजे दाता जुळतो का ते ठरवणारी पेशींवरची ओळख, मात्र भावाशी अर्धंच जुळलं. चेन्नईच्या ‘दात्री’ नोंदणीत परका दाता शोधायला टाकला आहे. मूत्रपिंड शाबूत आहे, प्लाझ्मा लागू पडतोय, तेव्हा पूर्ण जुळणारा दाता मिळतो का हे बघू, नाहीच तर अर्ध्या जुळणीचा विचार, असं ठरलं. ही म्हणते शाळेत जाण्याआधी उरकून टाकू. मला आणखी थोडं थांबावंसं वाटतं. मॅडम दोघांचं ऐकून घेतात आणि लघवीचा रिपोर्ट मागतात.

राहिली घरातली भानगड. माझ्या धाकट्या भावासाठी धाकट्या मामांची मुलगी, हे बोलणं मुलाच्या आजाराच्या आधीपासून चालू होतं. मी सरळ सांगितलं की आता आपल्या घरात आणखी एक दुहेरी रेघ नको. मामा तोडून बोलले, ‘एकाला झालं म्हणून सगळ्यांना होतंय व्हय? तुझ्या बापाचंपण लगीन आत्याच्याच घरात लावलं असतं तर तू झाला असतास का नसतास?’ याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण आता हवेत वाद घालायची गरजही नाही. नेमका बदल माहीत आहे, तेवढाच तपासायला अख्ख्या एक्झोमसारखा खर्च येत नाही. भावानं रक्त दिलं, तो वाहक निघाला. म्हणजे प्रश्न मुलीचा. ती वाहक नसेल तर या आजाराची भीती उरत नाही. असेल तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक. मामा म्हणाले, पोरीची असली तपासणी केली म्हटल्यावर उद्या दुसरीकडेही कोण उभं करणार नाही.

मुलगी पुण्यात नोकरी करते. गेल्या आठवड्यात तिनं मला परस्पर फोन केला. ‘दादा, ती लॅब कुठं आहे? नानांना सांगू नका एवढ्यात.’ नाना म्हणजे तिचे वडील, माझे धाकटे मामा. मी पत्ता पाठवला, समुपदेशक बाईंचा नंबरही दिला, आणि उपाशीपोटी जायची गरज नाही, नाश्ता करून जा, हेही कळवलं.